चौऱ्याऐंशी सेंटिमीटरचं दार

८ जानेवारी, बुधवार. निपाणी

राजश्री मॅडम सकाळच्या बसनं बेळगावला परत गेल्या. आता हा भाड्याचा हॉल, दोन चष्मे, एक लॅपटॉप आणि चाळीस बायका माझ्या एकटीच्या ताब्यात. सहा महिने. जाताना मॅडम म्हणाल्या, "पूर्णिमा, एकच लक्षात ठेव. आपण मोजतो. निदान करत नाही." मी मान हलवली. पण मोजून नुसतं ठेवायचं असेल तर मोजायचं कशाला, हे विचारायचं राहिलं.

काम तसं सोपं आहे. बाईला आभासी चित्र दाखवणारा चष्मा घालायचा. आत तिला एक लांबलचक खोली दिसते. आधी आरशात एक बाई उभी असते. हातातल्या बटणानं तिला जाड-बारीक करायची, 'ही मी' असं वाटेपर्यंत. मग दारं. बाईनं हॉलमध्ये खरोखर चालत जायचं, आणि आतलं दार दर वेळी थोडं अरुंद होत जातं. 'आता अंग तिरकं केल्याशिवाय जाता येणार नाही' असं जिथं वाटेल तिथं वळायचं. त्या दाराच्या रुंदीला खांद्याच्या रुंदीनं भागायचं. माणूस स्वतःला किती जागेचं समजतो ते त्या आकड्यात येतं. मॅडम म्हणतात, बहुतेकांचं एक ते सव्वाच्या आसपास येतं.

यंत्र तपासायला मी स्वतः करून बघितलं. दार दोनदा लाल झालं, म्हणजे मी चौकटीला धडकले. जुळणीत काहीतरी चूक आहे. उद्या परत बघते.

काकतीहून आईचा फोन. "गावात कुणी इचारलं तर काय सांगू गं, पोरगी काय करती म्हणून?" मी म्हटलं, माणसं आपलं शरीर कसं समजतात त्याचा अभ्यास. ती मग म्हणाली, "डाक्टरीण झाली म्हणून सांगते." मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

पहिल्या नऊ बायका झाल्या. सगळ्या जवळच्या एकाच गावच्या; तिथल्या मराठी शाळेत दुपारचा स्वयंपाक करणाऱ्या, विडी वळणाऱ्या, शेतावर जाणाऱ्या. शालूबाईंनी चष्म्याला 'घोड्याची झापडं' नाव ठेवलं आणि आता सगळ्या तेच म्हणतात. आरशातल्या बाईच्या अंगात टी-शर्ट आणि विजार आहे. शालूबाई ओरडल्या, "ही कोण गं भवानी? आदी हिला लुगडं नेसव, मग सांगते मी हाय का कोण ते!"

मी मॅडमना लिहिलं की आकृतीला साडी हवी. त्या म्हणाल्या, सॉफ्टवेअर परदेशातून येतं, पुढच्या वर्षी बघू. मला चीड आली. चिडून काय होणार.

आकडे मात्र सुरेख आलेत. सगळे एक ते सव्वाच्या आत.

१३ जानेवारी, सोमवार

आज एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही.

शालूबाईंबरोबर तारामती आक्का आल्या. वय बावन्न. शाळेच्या स्वयंपाकघरात शालूबाईंच्या जोडीनं काम करतात. बारीक अंगाच्या, खांदे जेमतेम सदतीस सेंटिमीटर. बाकावर बसल्या त्या अगदी उजव्या टोकाला, पडतील की काय असं वाटावं इतक्या. डावीकडे एवढी जागा मोकळी. म्हटलं, "आक्का, नीट बसा की." "बसलोय की नीट," म्हणाल्या.

फॉर्म भरताना विचारलं, घरी माणसं किती? "दोघं." मी लिहिलं. मग त्या म्हणाल्या, "न्हाय, एक. एकच लिव." मी खोडलं आणि शेऱ्याच्या रकान्यात 'किंचित गोंधळ' असं टिपलं.

आरशासमोर बराच वेळ उभ्या होत्या. बटण दाबेनात. म्हणाल्या, "हितं मी एकटीच दिसती व्हय?" मी सांगितलं की यात एकच आकृती असते. "बरं," म्हणाल्या आणि दोन मिनिटांत अगदी अचूक जमवली. शालूबाईंपेक्षा अचूक.

मग दारं. शंभर सेंटिमीटरचं झालं. ब्याण्णवचं झालं, पण उजव्या चौकटीला चिकटून. चौऱ्याऐंशीला त्या वळल्या. चौऱ्याऐंशी! आमच्या काकतीच्या घराचं पुढचं दार तेवढं असेल, त्यातून बैल जातो. तीनदा घेतलं, तीनदा तेच. भागाकार सव्वादोन. आणि चालताना डावा हात अंगापासून लांब, कोपरात वाकलेला, हवेत.

सदतीस सेंटिमीटरची बाई स्वतःला सव्वादोन माणसांएवढी समजते, आणि आरशात मात्र स्वतःला बरोबर ओळखते. हे कसं?

१६ जानेवारी, गुरुवार

दोन दिवस मिळेल ते वाचलं. लकव्याच्या आधी म्हणे एका बाजूचं भान जातं. माणूस दुसऱ्या बाजूला सरकून चालतो. बाकावरची जागा, उजवीकडे सरकणं, माणसं मोजताना झालेला गोंधळ, वाकडा हात. सगळं जुळतंय.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "घाई करू नकोस. मी एका डॉक्टरांना विचारते. तोवर कुणाला काही बोलायचं नाही." कधी विचारणार? म्हणे, ते परगावी आहेत, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यापर्यंत ती बाई चुलीवर शंभर पोरांच्या भाताचं पातेलं उचलणार आहे!

आमच्या घरात मी पहिली शिकलेली. शिकून जर अशा वेळी गप्पच बसायचं असेल, तर अप्पांनी माझ्यासाठी एवढं केलं ते वायाच.

२० जानेवारी, सोमवार

पत्र दिलं.

चार ओळींचं, प्रकल्पाच्या छापील कागदावर: चाचणीत डाव्या बाजूचं भान कमी झाल्याचं दिसतं, मेंदूची तपासणी तातडीनं व्हावी. खाली माझी सही आणि प्रकल्पाचा शिक्का. मुद्दाम कन्नडमधून लिहिलं. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात, खिडकीवरच्या माणसासमोर कन्नड कागद ठेवला की तो मान वर करून बघतो, हे मला अप्पांच्या आजारपणापासून ठाऊक आहे. मराठी कागद त्यांनी तिथंच घडी घालून परत दिला होता.

तारामती आक्का शाळेतून परतत होत्या, त्यांना रस्त्यातच गाठलं. कागद उलटसुलट करून बघितला. "काय लिवलंय?" मी म्हटलं, "काळजीचं काही नाही. दवाखान्यात दाखवा, तेवढंच. पण उशीर करू नका." त्यांनी तो पदराच्या टोकाला बांधला.

मॅडमना कळवलेलं नाही. कळवीन. आज फार दिवसांनी पोटभर जेवले.

२४ जानेवारी, शुक्रवार

तारामती आक्का आणि शालूबाई दोघी बेळगावला दवाखान्यात गेल्याचं दुसऱ्या बायकांकडून कळलं. बरं वाटलं. माझं ऐकलं.

२८ जानेवारी, मंगळवार

शालूबाई एकट्याच आल्या. चप्पल न काढता आत.

"काय लिवून दिलंस गं तू त्या बाईला?"

मी म्हटलं, तपासणीचं पत्र.

"तिला कानडी बोलता येतंय, वाचता न्हाय येत! मराठी शाळंत शिकलेली ती. मग वाचून घ्यायला गेली मारुतीराव गुरुजींकडं. गुरुजींनी वाचलं मोठ्यांदा, समद्यांच्या म्होरं, भात वाढायच्या वक्ताला. डोक्यात बिघाड. आता म्हणत्यात, पोरांचं जेवान, मोठी चूल, उकळतं पाणी, डोकं फिरलेली बाई नको हितं. आठ दिस झालं घरात बसलीया. शेजारची पोरं खिडकीतनं वाकून बघत्यात."

"पण तपासणीत काय निघालं?"

"काय निघणार? डाक्टर म्हणला, घरी जा, काय न्हाय तुला. एवढ्या मोठ्या नळकांड्यात घातलं बिचारीला."

मी पाणी विचारलं. त्यांनी घेतलं नाही. दवाखान्याचा रिपोर्ट टेबलावर टाकून गेल्या.

गावात कुणाच्याही घरी सरकारी वाटणारा कागद आला की तो पहिल्यांदा गुरुजींकडे जातो. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माझ्या दहावीच्या निकालाचा कागदसुद्धा अप्पा आधी काकतीच्या गुरुजींकडेच घेऊन गेले होते.

३० जानेवारी, गुरुवार

शाळेत गेले. मारुतीराव गुरुजी वाईट माणूस नाहीत, तेच जास्त जड जातंय. खुर्ची दिली, चहा मागवला. मी सांगितलं, सर, पत्र माझं होतं, ते चुकीचं होतं, डॉक्टरांनी नॉर्मल म्हटलंय, हा रिपोर्ट.

त्यांनी रिपोर्ट वाचला. मग ड्रॉवरमधून माझं पत्र काढलं आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "हा कागद म्हणतो ठीक हाय. हा म्हणतो न्हाय. दोन्हीवर शिक्का हाय. मी कुठला मानू, तुम्हीच सांगा. उद्या एखादं पोर भाजलं तर शाळेची समिती मला इचारणार, मास्तर, तुमच्या टेबलावर कागद व्हता की."

"मी दुसरं पत्र देते."

"पहिलं बी तुम्हीच दिलतं न्हवं?" आवाज चढवला नाही. "असं करा. तुमच्या यंत्रानं बिघडवलंय, यंत्रानंच सुधारून दाखवा. हितं आणा, समितीच्या म्होरं. आमाला दिसू दे."

परत येताना मॅडमना सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "डावं भान गेलेला माणूस डावीकडे धडकतो, पूर्णिमा. डावीकडे जागा सोडत नाही." आणि फोन ठेवला.

हे मला वाचताना दिसलं कसं नाही? की दिसूनही मी पान उलटलं?

२ फेब्रुवारी, रविवार

माफी मागायला तारामती आक्कांच्या घरी गेले. शालूबाई गल्लीच्या तोंडाशीच भेटल्या. मला घरापर्यंत सोडायला पुढं निघाल्या, अजून रागातच. तारामती आक्का समोरून येत होत्या, मंदिरातून. गल्ली चांगली रुंद, पण त्या भिंतीला खेटून चालत होत्या. डावा हात तसाच.

मी हळूच म्हटलं, "बघा, अजून तशाच चालतायत."

शालूबाई थांबल्या. माझ्याकडे बघितलं, खरोखर नवलानं. "अगं, वृषभला धरून चालायची न्हवं का ती. तुला कुणी सांगितलं न्हाय?"

नाही. कुणी सांगितलं नाही.

वृषभ त्यांचा एकुलता मुलगा. आठव्या वर्षी पायातलं बळ जायला लागलं. त्याला डाव्या हाताच्या आधारानं धरून त्या सतरा वर्षं चालल्या. शाळेत, मंदिरात, दवाखान्यात, निपाणीच्या बाजारात. गेल्या दिवाळीच्या आदल्या दिवाळीत तो गेला.

त्यांच्या दाराचा उंबरा काढून टाकलेला आहे आणि चौकट नवी, रुंद केलेली. मी आत जाताना ते बघितलं आणि आत जाववेना.

बोलायला सुरुवात केली तर त्यांनीच चुलीवर चहा ठेवला. मी म्हटलं, "आक्का, मला ठाऊक नव्हतं."

"तू इचारलंच न्हाईस."

"फॉर्ममध्ये नव्हतं."

"बरं. चहा हाय का तुझ्या फारमात? न्हायतर तसाच पी."

शालूबाई हसल्या, मग मीही, आणि मग मला रडू आलं. आक्कांनी रडू दिलं. म्हणाल्या, "डोकं ठीक हाय माझं. तो न्हाय, ते मला ठावं हाय. हाताला बी सांगून बघितलं. हात ऐकंना, त्याला मी काय करू?"

गुरुजींची अट सांगितली. शाळेत, सगळ्यांसमोर, परत दारातून जायचं. अरुंद दारातून.

"घरात बसून मला खाया उठतंय," त्या म्हणाल्या. "शाळंत पोरं असत्यात. ताट म्होरं करत्यात. मला जायाचं हाय तिकडं." मग विचारलं, "काय करायचं त्या दारात?"

सांगू की नको? 'डावा हात अंगाजवळ घ्या' एवढं सांगितलं की झालं. आकडा येईल. पण मग ती चाचणी राहत नाही, आणि आकडा खोटा. एक बाई मोजताना चुकले, तर आता तिच्यासाठी मोजणंच बिघडवू?

शेवटी म्हटलं, "आक्का, त्या दारातून एकटीनं जायचंय."

त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "बरं," म्हणाल्या.

घरी आल्यापासून वाटतंय की मी यापेक्षा क्रूर काही आजवर कुणाला बोलले नाही. हात जवळ घ्या म्हणाले असते तर बरं झालं असतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

मॅडम निपाणीला आल्या. मला वाटलं, काढून टाकायला आल्या. हॉलमध्ये बसून त्यांनी सगळे फॉर्म वाचले, तारामती आक्कांचा दोनदा. 'किंचित गोंधळ' या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारली.

"यंत्र दाखवून कुणाला नोकरी द्यायची, असं मला लिहून देता येणार नाही. ते चूकच आहे." मग म्हणाल्या, "पण प्रत्येकीची दुसरी चाचणी फेब्रुवारीत घ्यायची आहेच. ती कुठं घ्यायची ते मी कागदावर ठरवलेलं नाही."

मी म्हटलं, "मॅडम, मी राजीनामा देऊ?"

"आधी हे निस्तर. राजीनामा देणं सोपं असतं."

११ फेब्रुवारी, मंगळवार

शाळेच्या व्हरांड्यात जागा केली. मारुतीराव गुरुजी, समितीचे दोघे, शालूबाई आणि वर्गातल्या खिडक्यांतून लटकलेली पोरं. गुरुजींनी त्यांना दोनदा हाकललं, मग सोडून दिलं. आक्कांच्या चष्म्यात जे दिसेल ते लॅपटॉपवर सगळ्यांना दिसेल असं मी लावलं. वायर आक्कांच्या पायात येऊ नये म्हणून ती शालूबाईंनी धरली.

त्या आल्या त्या नेहमीच्याच सुती साडीत, पदर खोचून. चष्मा लावून घेतला. आरशातल्या बाईकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "ती झाली. दार आण," म्हणाल्या.

शंभर. गेल्या, उजव्या चौकटीला घासून. ब्याण्णव. तशाच गेल्या. समितीतला एकजण दुसऱ्याच्या कानाला लागला.

चौऱ्याऐंशी. त्या दारासमोर येऊन थांबल्या.

मी लॅपटॉपच्या कोपऱ्यातले सेकंद बघत होते. दोन. चार. डावा हात तसाच, कोपरात वाकलेला. सहा. आता वळतील आणि सगळं संपेल असं वाटलं. शालूबाईंनी वायर घट्ट आवळली.

आक्का दाराच्या उजवीकडे एक पाऊल सरकल्या, वाट देतात तशा. आणि हळू आवाजात म्हणाल्या, "जा रं म्होरं. आलेच मी."

समितीतला माणूस हसला. "कुणासंगं बोलती?"

"गप बसा की वो जरा!" शालूबाई.

नऊ. दहा. वाकलेला हात हळूहळू खाली आला, मांडीपाशी. बोटं एकदा मिटली, उघडली. मग त्या दाराच्या बरोबर मधोमध आल्या आणि सरळ पलीकडे गेल्या.

शहात्तर. अडुसष्ट. साठ. बावन्न. कुठंच थांबल्या नाहीत. चव्वेचाळीसला वळल्या. खिडकीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा खेळ आहे.

भागाकार एक पूर्णांक दोन. अगदी पुस्तकात असतो तसा.

गुरुजींनी स्वतःच माझं पत्र खिशातून काढलं आणि माझ्या हातात दिलं. "हे तुमच्याकडं ठेवा. तारामतीबाई, उद्यापासनं या."

"उद्या का?" आक्कांनी चष्मा काढला, कपाळावर त्याचा लाल वळ उठला होता. "आज काय पोरं उपाशी ऱ्हात्यात व्हय? शाले, डाळ घातलीस का?"

"कवाच. तुझ्यासाठी थांबू काय?"

"मग करपवलीस बघ. वास येतोय."

आणि दोघी निघाल्या. मला काही बोलल्या नाहीत. चष्मा तेवढा माझ्या हातात ठेवला, आतून घामानं भिजलेला. नुसता घामच होता का, ते मला सांगता येणार नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण लगेच मनात आलं, मी त्या बाईकडून काय करवून घेतलं? पोरांना वाढायला परत यावं म्हणून तिला त्याला पुढं पाठवावं लागलं. ते माझ्या चार ओळींमुळं. ती उद्या घरी कशी जाईल, बाकावर कशी बसेल, रुंद केलेल्या चौकटीतून आत जाताना तिच्या हाताचं काय होईल? दुसरी चाचणी संपली. तिसरी नाही.

फॉर्ममध्ये एक रकाना आहे: 'विलंब झाल्यास कारण'. यंत्रानं तिथं अकरा सेकंद आपणहून भरले होते आणि कारणाची जागा चमकत होती. ती भरल्याशिवाय पान पुढं जात नाही. मी लिहिलं: 'पुढे माणूस होता. तो जाईपर्यंत थांबल्या.' मग पान पुढं गेलं.

शाळेच्या स्वयंपाकघराचं दार व्हरांड्याच्या टोकाला आहे. चांगलं ऐसपैस, मोठी पातेली बाहेर काढता यावीत म्हणून केलेलं. आक्का त्या दाराकडे चालत गेल्या. मी बसले होते तिथून त्यांचा डावा हात सरळ दिसला असता.

मी मान खाली घातली आणि वायर गुंडाळत बसले, त्या आत गेल्याचा आवाज येईपर्यंत.